क्लच सुटत नाही, म्हणून प्लेट खोटी?

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर बोरी अरबच्या आसपास गाडी बाळगणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले आहे. गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट बदलली, सगळे परत चढवले, इंजिन चालू केले. पेडल तळाला टेकेपर्यंत दाबले तरी गिअर पडत नाही. रिव्हर्स टाकू गेले की दात करकरतात. म्हणजे क्लच सुटत नाही. मग निदान येते : "माल डुप्लिकेट हाय भाऊ. गिअरबॉक्स पुन्हा उतरवा लागते, दुसरी प्लेट टाका लागते." दुकानदार माल परत घ्यायला तयार नसला, की दुसरे निदान पुढे येते : "चालू द्या. शंभर-दोनशे किलोमीटर चालली की बसते बरोबर."

ही दोन्ही उत्तरे इतक्या खात्रीने दिली जातात की त्यांना पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. मला तो मागायचा आहे. आमच्या भागात पिकअप किंवा जीप ही हौसेची वस्तू नाही. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की कापूस बाजारात न्यायचा असतो, दवाखाना गाठायचा असतो, लग्नाची वऱ्हाडे पोचवायची असतात. अशा दिवसांत चुकीच्या निदानाने गाडी पुन्हा खोलली, तर दुहेरी मजुरी, दुसऱ्या किटची किंमत आणि बुडालेली भाडी हे सगळे मालकाच्या माथी येते. म्हणून हा वाद केवळ कारागिरांमधला नाही.

माझा पक्ष आधीच स्पष्ट सांगतो. दुरुस्तीनंतर क्लच सुटत नसेल, तर संशय पहिल्यांदा बसवणीवर आणि बाहेरच्या जोडणीवर घ्यायचा, प्लेटवर सर्वांत शेवटी. आणि दोष बाहेर आहे की आत, हे गिअरबॉक्सचा एकही बोल्ट न सोडता, मोजून ठरवता येते. न मोजता गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो अंदाज आहे, आणि त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते.

आता पूर्वपक्ष. तो कमकुवत करून मांडला तर त्याचे खंडन कवडीमोल ठरेल, म्हणून त्याच्या चारही युक्तिवादांना त्यांचे पूर्ण बळ देऊन मांडतो. पहिला : गाडी दुरुस्तीला आली तेव्हा क्लच घसरत होता, पण सुटत होता. आम्ही फक्त प्लेट बदलली. बदल एकच, तेव्हा दोषही त्याच बदलाचा. दुसरा : बाजारात बनावट माल खरोखर आहे, नामांकित कंपनीच्या खोक्यात हलका माल घालून विकला जातो, हे कोणी नाकारू शकत नाही. तिसरा, आणि सर्वांत वजनदार : अनुभव. दुसरी प्लेट टाकल्यावर क्लच सुटला, असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. चौथा : नवी प्लेट जाड असते, तिचा पृष्ठभाग अजून घासून समतल झालेला नसतो, चार दिवस चालली की ती बसते.

हे चारही युक्तिवाद बाळबोध नाहीत. वर्षानुवर्षे हात काळे केलेल्या माणसांचे ते आहेत. तरीही ते चुकीचे आहेत. का, हे पाहण्यासाठी क्लच सुटतो म्हणजे नेमके काय होते, हे आकड्यांत पाहावे लागेल.

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते आणि तिच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. पेडल दाबले की केबल किंवा हायड्रॉलिकच्या जोरावर फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या बोटांवर दाब देते आणि प्रेशर प्लेट मागे सरते. क्लच प्लेट मोकळी होते. ठोकळ सांगण्यासारखे उदाहरण घेऊ. गाडीगणिक आकडे बदलतात, हिशेब बदलत नाही. पेडलची एकूण चाल 140 मिलिमीटर. त्यातली पहिली 20 मोकळी. उरलेल्या 120 मिलिमीटरमधून पेडल आणि फोर्क यांच्या तरफांनी बेअरिंगला मिळते जेमतेम 8 मिलिमीटर. डायफ्राम ही चाल आणखी चौथाईवर आणतो : प्रेशर प्लेट उचलते 2 मिलिमीटर. क्लच प्लेटच्या दोन अस्तरांमध्ये लहरदार पत्र्याची स्प्रिंग असते. दाब सुटताच ती फुगते आणि यातला सुमारे 1 मिलिमीटर खाऊन टाकते. राहिला 1 मिलिमीटर. तो दोन बाजूंना वाटला, की प्लेटच्या प्रत्येक अंगाला अर्धा मिलिमीटर मोकळीक.

पायाखालच्या 140 मिलिमीटरमधून आत पोचतो तो अर्धा मिलिमीटर. दोन पोस्टकार्डांच्या जाडीइतका. क्लचचे सुटणे न सुटणे या अर्ध्या मिलिमीटरवर ठरते. हे एकदा ध्यानात घेतले की वाटेत कुठेही चाल गळाली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता पहिला युक्तिवाद घेऊ. "आम्ही फक्त प्लेट बदलली." हे खरे आहे काय? गिअरबॉक्स उतरवताना केबल सोडली, किंवा फोर्कला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर काढून बाजूला लटकवला. लटकलेल्या सिलिंडरचा दांडा बाहेर सरकला, किंवा पाइपच सोडल्याने हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली. फोर्क ज्यावर झुलतो त्या गोळीवरून उतरला आणि परत बसवला. बेअरिंग बदलले, त्याची क्लिप काढली आणि लावली. प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडून पुन्हा आवळले. कित्येकदा फ्लायव्हील लेथवर नेऊन त्याचा चेहरा मारून, म्हणजे पृष्ठभाग समतल कातून, आणला. गिअरबॉक्स दोघांनी उचलून, शाफ्ट खाचांत शोधत, परत चढवला. इतक्या ठिकाणी हात लागला आणि म्हणायचे, बदल एकच? दहा संशयित जागेवर असताना एकालाच पकडून गुन्हेगार ठरवणारा न्याय आपण कोर्टात मान्य करू काय?

आपल्या न्यायशास्त्राने यासाठी अन्वय आणि व्यतिरेक ही जोडकसोटी दिली आहे. कारण असेल तिथे कार्य असले पाहिजे. कारण नसेल तिथे कार्यही नसले पाहिजे. नवी प्लेट आणि न सुटणारा क्लच एकत्र दिसले, एवढ्याने अन्वयही पुरा होत नाही, कारण त्याच वेळी हवा, केबल, फोर्क आणि बोल्ट हेही तिथेच हजर होते. व्यतिरेक तर तपासलेलाच नाही. पहिला युक्तिवाद इथे पडतो.

यातूनच तिसरा युक्तिवादही सोडवता येतो, म्हणून क्रम मोडून तो आधी घेतो. "दुसरी प्लेट टाकली आणि सुटला." अनुभव खोटा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा केबल पुन्हा बांधली गेली. हायड्रॉलिकची एअर पुन्हा काढली गेली, आणि पहिल्या वेळेची घाई अंगाशी आल्याने या वेळी जास्त लक्ष देऊन काढली गेली. फोर्क पुन्हा गोळीवर नीट बसवला गेला. उलटी बसलेली प्लेट या वेळी सुलटी बसली. क्लच सुटला आणि श्रेय मिळाले नव्या खोक्याला. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच वेळ आली, तरी कावळ्याने फळ पाडले असे होत नाही; अशा योगायोगाला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. गॅरेजातल्या अनुभवाच्या पोत्यात या न्यायाचे धान्य बरेच आहे. अनुभव आदरणीय आहे. पण ज्या अनुभवात एका वेळी दहा गोष्टी बदलतात, तो अनुभव कोणत्याही एका गोष्टीबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

हवेचा मुद्दा थोडा खोलात पाहण्यासारखा आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तीच करते. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास 16 मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल 30 मिलिमीटर धरा. एका पूर्ण दाबात तो ढकलतो सुमारे 6 घन सेंटिमीटर तेल. आता पाइपमध्ये कुठे तरी 2 घन सेंटिमीटर हवा अडकली आहे, असे समजा. पाण्याच्या चाळीसेक थेंबांएवढी. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम सांगतो की तापमान तेच असेल तर दाब वाढेल त्या प्रमाणात वायूचे आकारमान घटते. लाइनमध्ये हवेच्या दाबाच्या वीसपट दाब चढला, की ही 2 घन सेंटिमीटर हवा दशांश एकवर येते. म्हणजे ढकललेल्या 6 मधले जवळजवळ 2 घन सेंटिमीटर तेल हवा दाबण्यातच खर्ची पडले. एक तृतीयांश चाल गेली. बेअरिंगला 8 ऐवजी 5.3 मिलिमीटर मिळाले, प्रेशर प्लेट 1.3 मिलिमीटर उचलली, त्यातला 1 स्प्रिंगने खाल्ला; प्रत्येक अंगाला उरले 0.15 मिलिमीटर. नव्या, चांगल्या प्लेटचाही कडेचा लंगडेपणा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालवून घेतला जातो. प्लेट दोन्हीकडे घासत राहणार, शाफ्ट फिरत राहणार, गिअर करकरणार. प्लेटचा यात काय अपराध?

केबलच्या गाडीत हेच नाट्य हवेविना घडते. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती आलेल्या मारुती 800 चा क्लच केबलवर चालतो. बाहेरची नळी आपल्या खोबणीत पूर्ण बसली नाही, किंवा नट सैल राहिला, आणि पेडलची मोकळी चाल 20 ऐवजी 60 मिलिमीटर झाली, तर कामाची चाल 120 वरून 80 वर येते. पुन्हा तोच एक तृतीयांश. पुन्हा तोच 0.15 मिलिमीटर. एका नटाने जे सुटणार, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा?

दोष प्लेटचाच, हे मत इतके का रुजले, याचेही कारण समजून घेतले पाहिजे. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या काळापासून पुढच्या कित्येक वर्षांच्या जीपगाड्यांत पेडलपासून फोर्कपर्यंतची जोडणी यांत्रिक होती. सैल झाली तर डोळ्यांना दिसत होती, हाताला लागत होती. बाहेर काही दिसले नाही, तर दोष आत, हा त्या पिढीचा नियम त्या गाड्यांपुरता बरोबर होता. पुढे 1994 मध्ये टाटा सुमो आली, 2000 मध्ये बोलेरो आली, आणि हायड्रॉलिक क्लच आमच्या रस्त्यांवर सर्रास झाला. पाइपमधली हवा बाहेरून दिसत नाही. नियम मात्र तोच राहिला : दिसत नाही, म्हणजे आत आहे. ज्या नियमाचा आधारच गेला, तो नियम केवळ जुना आहे म्हणून किती काळ पाळायचा?

आता दुसरा युक्तिवाद, बनावट मालाचा. बनावट माल आहे, हे मान्य. पण त्याची तपासणी कधी करायची? बसवण्याआधी. जुनी प्लेट नव्यावर ठेवून व्यास पाहा. नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवा; अडखळली तर खाचांमध्ये काही बिघडले आहे. जुन्या-नव्या दोन्ही प्लेटांची जाडी मोजा. नव्या आणि जुन्या बेअरिंगची उंची शेजारी ठेवून पाहा. प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत आहेत काय, हे तिच्यावर पट्टी आडवी धरली की दिसते. एवढे करायला गाडीखाली झोपावे लागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन आणि गिअरबॉक्स बदलतात, म्हणून अस्सल खोक्यातलाही चुकीचा किट येऊ शकतो. तोही याच तपासणीत पकडला जातो. अस्सल माल दुर्मीळ आहे असेही नाही. आपल्याच राज्यात, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वी सीके डायकिन या नावाचा आणि आता एक्सेडी म्हणून ओळखला जाणारा क्लचचा कारखाना आहे. शिवाय हलक्या मालाचे मुख्य अवगुण वेगळे आहेत : तो लवकर घसरतो, थरथरतो, जळतो, झिजतो. मापे बरोबर असलेली हलकी प्लेट धरणार नाही, हे समजू शकते. पण सुटणार नाही, याचा आरोप तिच्यावर ठेवायचा असेल तर माप दाखवावे लागेल. माप न दाखवता माल खोटा म्हणणे हा दुकानदारावरचा आरोप आहे, निदान नव्हे.

चौथा युक्तिवाद सर्वांत गोड आहे, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. "चालवली की बसते." यात सत्याचा एक कण आहे, तो आधी वेगळा काढतो. प्लेट झिजली की डायफ्रामची बोटे बेअरिंगकडे सरकतात, आणि केबलच्या गाडीत मोकळी चाल कमी होते. म्हणजे झिजेने क्लच अधिक सुटतो, ही दिशा बरोबर आहे. पण किती? प्लेटचे अस्तर दोन-तीन मिलिमीटर झिजायला सांभाळून चालवलेल्या गाडीत हजारो किलोमीटर लागतात. सुरुवातीची झीज जास्त वेगाची धरली, अगदी दशांश मिलिमीटरही धरली, तरी डायफ्रामच्या चौपटीने बेअरिंगपाशी ती होते 0.4 मिलिमीटर. आपल्याला हवेत 2.7. हिशेब बसत नाही. हायड्रॉलिकच्या गाडीत तर हा कणही उरत नाही. तिथे बेअरिंग बोटांच्या मागेमागे आपोआप सरकते, झिजेने चाल एका केसानेही वाढत नाही. नवी प्लेट चार दिवसांत बसते, हे वाक्य खरे आहे. पण ते तिच्या धरण्याबद्दल खरे आहे, सुटण्याबद्दल नाही. पृष्ठभाग समतल झाला की पकड वाढते. सुटण्यासाठी लागते ती चाल, आणि चाल झिजून जन्माला येत नाही.

आणि "चालू द्या" या सल्ल्याची किंमत कोण मोजतो? गिअरबॉक्स. पुढच्या गिअरांना जुळवून घेणाऱ्या सिंक्रोच्या पितळी कड्या असतात. फिरत्या शाफ्टवर गिअर कोंबला की त्या घासतात. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोच नसतो. तिथे दातावर दात आदळतात. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर क्लच बसलेला नसतो, पण गिअरबॉक्सच्या तेलात पितळेची चमक दिसू लागलेली असते. जे दहा मिनिटांचे काम होते, ते गिअरबॉक्स खोलण्याचे होऊन बसते.

केवळ खंडन करून थांबणे सोपे आहे. म्हणून आता मंडन. ज्याला हे मान्य करायचे आहे त्याने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिले, दोष क्लचचाच आहे ना, हे ठरवा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर पडत नाहीत, तर क्लच सुटत नाही. बंद इंजिनावरही पडत नसतील, तर गिअरच्या जोडणीकडे वळा. क्लचला उगाच वेठीला धरू नका.

दुसरे, पायाखाली पाहा. मॅट दुमडून पेडलखाली आली आहे काय? पेडल पूर्ण खाली जाते आणि पूर्ण वर येते काय? हाताने दाबून मोकळी चाल मोजा. केबलच्या बहुतेक लहान गाड्यांत ती साधारण 15 ते 25 मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. जास्त असेल तर नट आवळा आणि पुन्हा पाहा.

तिसरे, हायड्रॉलिक असेल तर पेडल चार-पाच वेळा झपाझप मारा आणि शेवटच्या वेळी दाबून धरून गिअर टाका. आता पडला? तर निकाल लागला : हवा आहे, किंवा मास्टर सिलिंडरचा रबर दाब धरत नाही. प्लेट निर्दोष सुटली. एअर काढताना एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचे निप्पल उघडून बंद करावे, आणि निप्पल बंद झाल्यावरच पाय उचलावा. निप्पल सिलिंडरच्या वरच्या अंगाला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. सिलिंडर उलटा बसला असेल आणि निप्पल खाली आले असेल, तर दिवसभर एअर काढली तरी हवा वरच्या कोपऱ्यात तशीच बसून राहते, कारण हवा वर जाते आणि भोक खाली आहे. तेल ब्रेक ऑइलच हवे. दुसरे तेल गेले की रबर फुगतात.

चौथे, आणि हाच या सगळ्या वादाचा निकाल देणारा पुरावा. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) पक्की उभी करा, चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. एकाने पेडल हळू दाबावे. दुसऱ्याने खाली स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किंवा फोर्कचे टोक जिथे दिसते तिथे स्टीलची पट्टी धरावी. सुरुवातीला टोक कुठे होते, पूर्ण दाबल्यावर कुठे गेले, ते वाचावे. एवढेच. हा आकडा पुस्तकातल्यापेक्षा, किंवा तशाच दुसऱ्या चालू गाडीवर मोजलेल्यापेक्षा कमी भरला, तर दोष बाहेर आहे : पेडल, केबल, मास्टर, स्लेव्ह, पाइप किंवा हवा. गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारणच नाही. आकडा पूर्ण भरला आणि तरीही क्लच सुटत नसेल, तर दोष आत. आता खुशाल गिअरबॉक्स उतरवा. आता तो अंदाज राहिलेला नाही.

पूर्वपक्षाला इथे त्याचे हक्काचे दान दिले पाहिजे : आतले दोष असतात. पण तिथेही पहिला संशयित माल नसून बसवणी आहे. प्लेट उलटी बसली की तिच्या मधला स्प्रिंगांचा फुगवटा, जो बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे हवा, तो फ्लायव्हीलच्या बोल्टांवर जाऊन टेकतो. अशी प्लेट कितीही पेडल दाबले तरी मोकळी होत नाही. कोणती बाजू कुठे, हे बहुतेक प्लेटांवर छापलेले असते. गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटमध्ये गेला आणि गिअरबॉक्सचे सगळे वजन क्षणभर त्यावर लटकले, तर प्लेट वाकते. हा दोष हाताने होतो आणि नाव मालाचे होते. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने पूर्ण आवळत गेले तर तिचे कवच तिरके होते. ते समोरासमोर, थोडे थोडे करत आवळायचे असतात. लेथवर फ्लायव्हीलचा चेहरा मारला आणि पायरीच्या फ्लायव्हीलची पायरी तेवढीच खाली नेली नाही, तर प्रेशर प्लेटचा सगळा हिशेब चुकतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या शाफ्टवर गंज चढला आणि तो न पुसता प्लेट चढवली, तर ती सरकायलाच तयार होत नाही. ग्रीस मुळीच नसणे आणि जास्त असणे, दोन्ही वाईट. फ्लायव्हीलच्या मध्यातले पायलट बेअरिंग अडकले, तर प्लेट मोकळी असूनही इंजिन शाफ्टला फिरवत राहते. फोर्क गोळीवरून उतरला असेल, तर बाहेर चाल पूर्ण दिसते आणि आत पोचत नाही. या यादीत नव्या प्लेटचा स्वतःचा गुन्हा कुठे आहे? शेवटी, आणि क्वचित.

एक सूचना, जी वादाबाहेरची आहे. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. क्लच ज्यात बसतो त्या घंटाकृती घरातली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. ती फुप्फुसात गेली तर तिथून निघत नाही.

शेवटचा आक्षेप मी ऐकतो आहे : "गॅरेजात गाड्यांची रांग लागली असते, मोजत बसायला वेळ कोणाला?" मोजायला लागतो अर्धा तास. गिअरबॉक्स उतरवून परत चढवायला जातो दिवस. वेळ वाचवण्यासाठी दिवस घालवायचा आणि अर्धा तास वाचवायचा, या हिशेबाला काय म्हणावे? आणि जे कारागीर हाताच्या स्पर्शाने बेअरिंगची खरखर ओळखतात, त्यांना पट्टी धरणे अवघड आहे, असे मी तरी मानत नाही. त्यांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच त्या कौशल्याने अंदाजावर राहू नये, असे वाटते.

वाचकहो, दोन्ही पक्ष तुमच्यापुढे आहेत. एका पक्षाकडे खोका, आठवण आणि "बसेल" हा दिलासा आहे. दुसऱ्याकडे पट्टी आणि आकडा आहे. निकाल तुम्ही द्यायचा आहे, आणि तो गॅरेजच्या दारात द्यायचा आहे. पुढच्या वेळी दुरुस्तीनंतर क्लच सुटला नाही आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची भाषा झाली, तर मिस्त्रींना सन्मानाने एकच प्रश्न विचारा : "भाऊ, पेडल पूर्ण दाबल्यावर फोर्क किती मिलिमीटर सरकला?" आकडा मिळेपर्यंत बोल्टला पाना लावू देऊ नका.